राजधानी पैठण, दप्तर नाशकात

रविवार, रात्री साडेनऊ

पैठणची आत्या आठवडाभर राहायला आलीय. रामकुंड, काळाराम, सीतागुंफा हे काल झालं. ते तिचं दरवेळचं आहे, पंचवटीत ती माझ्यापेक्षा सराईतपणे फिरते. आज मात्र हट्टाने तिला पांडवलेण्याला, डोंगरातल्या जुन्या बौद्ध लेण्यांकडे नेलं. इतक्या वेळा नाशकाला येऊनही ती तो डोंगर चढलेली नव्हती. पांडवांचा त्या लेण्यांशी काही संबंध नाही. संबंध आहे तो तिच्या गावाचा, आणि तेच तिला दाखवायचं होतं.

सातवाहनांची राजधानी प्रतिष्ठान म्हणजे आजचं पैठण. पण पैठणला गेलेला पाहुणा काय बघतो? नाथांचा वाडा, नाथसमाधी, नागघाट, जायकवाडीचं धरण, ज्ञानेश्वर उद्यान, आणि ऐपत असेल तर पैठणीचं दुकान. सातवाहनांचा राजवाडा काही उभा नाही. उत्खननात नाणी, मणी, विटा मिळाल्या, पण समोर उभं राहून बघावं असं त्या राजांचं फारसं काही राहिलेलं नाही. त्यांचं बोलणं मात्र शिल्लक आहे, तेही दगडात कोरलेलं, आणि ते नदीच्या वरच्या अंगाला, आमच्या अंबड-पाथर्डी फाट्याच्या डोक्यावर आहे.

उन्हाच्या आत पोहोचायचं म्हणून सातलाच निघालो. फाळके स्मारकाच्या बाजूने साधारण दोनशे पायऱ्या. आत्या सत्तरीच्या पुढची, पण वारीची सवय असलेली, मध्ये दोनदा टेकली तेवढंच. वर चोवीस लेणी आहेत. सगळी बघायच्या फंदात पडू नये असं माझं स्पष्ट मत आहे. लोक एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत जातात, वाऱ्यावर फोटो काढतात आणि उतरतात. तीन नंबरच्या लेण्यात अर्धा तास बसावं. तेवढ्यासाठी चढावं.

या लेण्याच्या ओसरीचा भार सहा धिप्पाड यक्षांनी खांद्यावर घेतलाय. आत्याने त्यांना आधी हात जोडले, मग म्हणाली, "बिचारे कधीपासून उभे आहेत!" दरवाज्याभोवतीचं कोरीवकाम पाहिलं की सांचीचं तोरण आठवतं. आत अठरा खोल्या, समोरच्या भिंतीवर उठावात कोरलेला स्तूप. पण मी तिला ओसरीतच बसवलं आणि लेखांच्या भाषांतराची पानं पिशवीतून काढली. अक्षरं ब्राह्मी, भाषा प्राकृत, माझ्यासारखीला भिंतीवरून थेट वाचता येत नाही. छताखाली अक्षरं कुठून कुठवर आहेत ते दाखवायचं आणि कागदावरून मोठ्याने वाचायचं.

पहिल्यांदा जमिनीचा हुकूम वाचला. गौतमीपुत्र सातकर्णी विजयी सैन्याच्या तळावरून गोवर्धनच्या अमात्याला म्हणजे अधिकाऱ्याला, विष्णुपालिताला कळवतो की कखडी गावातलं उषवदाताकडे (शत्रू राजा नहपान याच्या जावयाकडे) असलेलं दोनशे निवर्तनं (जमीन मोजायचं जुनं माप) शेत इथल्या भिक्षूंना दिलं आहे. गोवर्धन म्हणजे आमचाच भाग, गंगापूरकडे त्या नावाचं गाव अजून आहे. वर्ष त्याच्या राज्याचं अठरावं. त्याच्याखाली सहा वर्षांनंतरचा दुसरा हुकूम आहे. कखडी गाव ओस पडलंय, ते शेत कुणी कसत नाही, तेव्हा नगराच्या शिवेवरच्या आमच्या, राजाच्या मालकीच्या शेतातली शंभर निवर्तनं त्याच भिक्षूंना द्या. आत्याचं आयुष्य सातबाऱ्यांच्या भांडणात गेलेलं. ती लगेच म्हणाली, "म्हणजे आधी दिलेली जमीन पडीक निघाली, आणि त्यांनी ती बदलून दिली?" तेच तर. दिलेलं दान पुढे उपयोगाचं राहिलं की नाही याची चौकशी राजाकडून झाली, हे मला राजाच्या सगळ्या बिरुदांपेक्षा मोठं वाटतं.

हा दुसरा हुकूम राजाचा एकट्याचा नाही. तो राजा आणि राजमाता या दोघांच्या नावाने निघालाय, आणि राजमातेची ओळख दिलीय ती अशी की जिचा मुलगा हयात आहे ती.

मग त्याच ओसरीतला मोठा लेख. मुलाच्या नव्हे, नातवाच्या म्हणजे पुळुमावीच्या एकोणिसाव्या राज्यवर्षातला. हे लेणं गौतमी बलश्रीने, त्याच राजमातेने, भद्रायनीय या बौद्ध पंथाच्या भिक्षूंना दिलं. बहुतेक अभ्यासकांच्या मते तोवर गौतमीपुत्र गेलेला होता. आपल्या मुलाबद्दल ती सांगते: शक, यवन, पल्हवांचा नाश करणारा, क्षहरातांचं (नहपानाच्या घराण्याचं) कूळ निखंदून काढणारा, सातवाहन कुळाचं यश पुन्हा उभं करणारा, ज्याच्या वाहनांनी तीन समुद्रांचं पाणी प्यायलं असा. इथवर कुठल्याही राजाची प्रशस्ती. पण त्यातच ती सांगते की तो आईच्या सेवेत कधी कमी पडला नाही, कर धर्माने घ्यायचा, अपराधी शत्रूचाही जीव घेणं त्याला आवडत नसे, आणि नगरातल्या लोकांचं सुखदुःख तो आपलंच मानायचा. वाचताना माझा आवाज जड झाला. आत्या काही बोलली नाही, तिचा थोरला जाऊन बरीच वर्षं झाली. थोड्या वेळाने म्हणाली, "ते आईचं परत वाच गं." परत वाचलं.

त्याच लेखात त्याच्या ताब्यातल्या प्रदेशांची यादी आहे: असिक, अश्मक, मूलक, सुराष्ट्र, कुकुर, अपरान्त, अनूप, विदर्भ, आकरावंती. मूलक म्हणजे पैठणच्या आसपासचा मुलूख. हे सांगितलं तेव्हा आत्याने "आमचं पैठण तिसऱ्या नंबरावर?" असं जरा नाराजीनेच विचारलं.

एरवी गोदावरीवरून आम्हा दोघींचं बोलणं एकाच गोष्टीवर होतं. पावसाळ्यात इकडे गोदाकाठच्या दुतोंड्या मारुतीला पाणी लागलं की तिचा फोन येतो, "गंगापूर धरणाचं पाणी सोडलं का? नाथसागर (जायकवाडीचा जलाशय) किती भरेल?" आणि पाऊस कमी झाला की वरच्यांनी पाणी अडवलं, खालच्यांनी मागितलं, यावरून दोन्हीकडचे लोक कोर्टात. एके काळी याच नदीकाठच्या पैठणच्या राजांचे हुकूम इकडे चालायचे, हे आमच्यापैकी कितीजणांना माहीत असतं?

निघता निघता दहा नंबरचं लेणं पाहिलं. ते शत्रुपक्षाचं, नहपानाचा जावई उषवदात आणि मुलगी दक्षमित्रा यांचं. त्याने गोवर्धनातल्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे संघांकडे, पैसे ठेवले होते, दोन हजार कार्षापण (त्या काळचं नाणं) दरमहा शेकडा एक व्याजाने आणि एक हजार पाऊण टक्क्याने. पहिल्या रकमेच्या व्याजातून वर्षावासातल्या, म्हणजे पावसाळ्यात इथे मुक्कामाला असलेल्या वीस भिक्षूंना वस्त्रांसाठी प्रत्येकी बारा कार्षापण मिळायचे. मुद्दल हलवायचं नाही. आत्याने बोटांवर हिशेब केला, दोनशे चाळीस, बरोबर जुळतो म्हणाली. पैठणच्या विणकरांच्या गल्लीत वाढलेली आहे ती. गौतमी बलश्रीचं लेणं रचनेत पुष्कळसं याच्यासारखंच आहे, हे तिच्या आधी लक्षात आलं. तिथून मग जोगलटेंभी गावाचा विषय निघाला. १९०६ मध्ये तिथे नहपानाची तेरा हजारांहून जास्त चांदीची नाणी सापडली आणि त्यातल्या बहुतेकांवर गौतमीपुत्राने आपला ठसा मारून घेतलेला होता. दारणा आणि गोदावरीचा तो संगम दाखवायला तिला बुधवारी नेणार आहे.

आता जेवणं झाल्यावर तिने हुकूम सोडलाय की गौतमी बलश्रीच्या लेखाचं भाषांतर मोठ्या अक्षरांत लिहून दे, पैठणला भजनी मंडळात वाचून दाखवायचंय. तीन पानं झाली, अजून प्रदेशांची यादी राहिलीय. मूलकाच्या पुढे कंसात पैठण लिहायला सांगितलंय, ठळक.