कोबीचा डबा

परवा डबा घासायला घेतला आणि झाकणाची रबरी रिंग काढल्याबरोबर असा काही वास आला की मी थेट चौथीच्या वर्गात, तिसऱ्या बाकावर. कोबी! लहानपणी आमच्याकडे आठवड्यातून दोनदा तरी कोबी असायचाच. वासाचं म्हणे असंच असतं, बाकी सगळं मेंदूत जरा फिरून जातं आणि वास मात्र डायरेक्ट आठवणी आणि भावनांच्या भागात घुसतो. असेल बुवा, माझ्या बाबतीत तरी खरंय.

तर मधल्या सुट्टीत माझी एक टेक्निक होती. झाकण पूर्ण उघडायचंच नाही, दोन बोटं जातील एवढीच फट ठेवायची, घास ओढून घ्यायचा की लगेच बंद. तरी मागून कोणीतरी ओरडायचंच, "ए कोणाच्या डब्यात काय मेलंय?" मी पण सगळ्यांबरोबर इकडेतिकडे बघायचे, जणू मलाही शोधायचंय. आता लिहिताना हसू येतंय पण तेव्हा कान लाल व्हायचे.

गंमत म्हणजे हाच कोबी रात्री घरी मी दोनदा मागून घ्यायचे. रात्री सगळे एकत्र बसायचो, टीव्ही बंद, आणि बाबा एकेकाला विचारायचे आज काय झालं, दादा कायतरी फेकाफेकी करायचा, मी हसता हसता खात सुटायचे. मग बाबांचा ठरलेला प्रश्न, "काय गं, डबा संपवलास ना?" "हो." चक्क खोटं. संपवायची माझी बाकावरची मैत्रीण, कारण तिला कोबी भयंकर आवडायचा आणि बदल्यात ती मला तिचं उकडलेलं अंडं द्यायची, पिवळ्या बलकाभोवती हिरवट काळी कड असलेलं. मला ते खराब झालंय असंच वाटायचं, तरी कोबीपेक्षा बरं म्हणून डोळे मिटून खायचे.

खूप वर्षांनी कळलं की दोन्हीकडे गुन्हेगार एकच, गंधक. अंडं जास्त वेळ उकडलं की पांढऱ्यातलं गंधक आणि बलकातलं लोह एकत्र येऊन ती कड बनते, खराब वगैरे काही नसतं. आणि कोबी शिजताना त्यातूनही गंधकाचे वायू सुटतात, पाण्यात उकळताना पाचव्या ते सातव्या मिनिटाच्या मध्ये म्हणे तो सडक्या अंड्यासारखा वास मारणारा वायू दुप्पट होतो, फक्त दोन मिनिटांत! आता आमच्या डब्याचा विचार करा, गॅसवरून उतरवलेली वाफाळती भाजी भरली की झाकण खट्कन बंद, म्हणजे ती आत शिजतच राहणार, निघालेला वास जाणार कुठे, आणि वर चार तास दप्तरात. रात्रीची भाजी कढईतून सरळ ताटात यायची, तिला वास धरायला वेळच नव्हता.

हे सगळं मी मोठ्या हुशारीने आईला फोनवर ऐकवलं, म्हणलं आई तू जरा गार करून भरला असतास तर माझं बालपण वाचलं असतं. ती म्हणाली, "अगं साडेसहाला घरातून निघायचं असायचं, गार कधी करू? फुंकर मारत बसू?" यावर काय बोलणार. मग जरा थांबून म्हणाली, "आणि मी पण तोच डबा न्यायचे ना ऑफिसला. खिडकीजवळच्या टेबलावर जाऊन एकटी खायचे, झाकण अर्धं लावून."

मी विचारलं, मग करायचीस कशाला एवढा कोबी?

"तू रात्री दोनदा मागून घ्यायचीस म्हणून."