तुम्ही विचारलंत म्हणून: मान खालीच घालायची का?

परवा सलूनमध्ये दाढी करताना पुन्हा तोच प्रश्न आला. "गुरुजी, तुमच्यात एका गालावर मारलं का दुसरा गाल पुढं करा लागते ना? मंग ख्रिस्ताचा शिष्य म्हंजे मान खालीच का?"

हसण्यावारी नेता येत नाही. आमच्या चर्चच्या मंडळीतल्या कित्येकांच्या आज्याला पाटलाच्या ओट्याखाली बसावं लागे. खाली बसवलेल्या माणसाला नम्र म्हणत नाहीत. त्याला प्रवचनात आणखी वाकायला सांगणं तर मला पापच वाटतं.

योहानाच्या शुभवर्तमानाचा 13वा अध्याय बघा. पित्यानं सगळं आपल्या हाती दिलंय हे जाणून येशू जेवणावरून उठतो, कमरेला रुमाल बांधतो आणि शिष्यांचे पाय धुतो. जाणून, बरं का. आपण कोण हे पक्कं ठाऊक असलेला माणूस वाकला. त्या पायांत त्याला धरून देणाऱ्या यहूदाचेही पाय होते. आणि त्याच रात्री, पकडून नेल्यावर, हन्ना या माजी महायाजकापुढे शिपायानं थोबाडीत मारली, तेव्हा येशूनं विचारलं, मी बरोबर बोललो असेन तर मला का मारतोस?

आपले गाडगेबाबा ख्रिस्ती नव्हते, पण हा अध्याय मला उलगडला तो त्यांच्या खराट्यानं. दिवसा गाव झाडायचं आणि रात्री कीर्तनात त्याच गावाला उभं-आडवं प्रश्न विचारायचे. बाबांना गप्प कोण म्हणेल?

आता माझंच सांगतो. मागे एका पवित्र गुरुवारी, म्हणजे त्याच रात्रीच्या आठवणीच्या दिवशी, चर्चच्या पाळकसाहेबांनी पाय धुवायचं काम मला दिलं. घमेल्यात पाणी, खांद्यावर टॉवेल. पहिल्याच म्हातारीनं पाय लुगड्याखाली ओढून घेतले. "नोको बापू, भेगाइत काळी माती हाये, ते काई निंगत नाही." गहू सोंगून आलेले पाय. टाचेच्या भेगा बोटाच्या पेरात जाणवत होत्या. माती खरंच निघाली नाही. पाणी मात्र काळं झालं, आणि माझ्या मनात काय चाललं होतं? मागच्या बाकावरून आपण दिसतोय की नाही.

त्याच बाकावर माझा चुलतभाऊ होता. आमचं धुऱ्याचं, म्हणजे शेताच्या बांधाचं, भांडण आहे, नांगराच्या दोन तासांएवढ्या जमिनीवरून. त्याची रांग आली आणि मी पाणी बदलायला म्हणून बाहेर गेलो. परत आलो तर पाळकसाहेब त्याच्यापुढे गुडघे टेकून बसलेले.

धुऱ्याचा हक्क मी सोडलेला नाही, सोडायचाही नाही. मोजणीचे पैसे भरलेत. पण मोजणीवाले येतील त्या दिवशी त्याच्या घरी आधी चहाला जावं म्हणतो. बायको म्हणते, "जाल तवा पाहू."