ईआरसीपी: माझा अनुभव

पित्ताशयात खडे आहेत हे ठाऊक होतं. त्रास नव्हता म्हणून सोडून दिलं होतं. यंदा डोळे पिवळे झाले, लघवी गडद व्हायला लागली आणि अंगाला खाज सुटली. सोनोग्राफीत पित्तनलिका फुगलेली दिसली, खडा काही दिसेना.

"दुर्बीण घालून काढून टाका की सरळ," असं धाकट्या भावाचं म्हणणं. तीच ईआरसीपी: घशातून दुर्बीण पित्तनलिकेच्या तोंडापर्यंत नेऊन खडा काढायचा. डॉक्टरांनी आधी एमआरसीपी, म्हणजे पित्तनलिकेची एमआरआय, करायला लावली. ईआरसीपीनंतर शंभरातल्या तीन ते दहा जणांच्या स्वादुपिंडाला सूज येते, तेव्हा नुसतं बघायला म्हणून ती करायची नाही, असं त्यांनी सांगितलं. एमआरसीपीत खडा दिसला, मग पुढचं ठरलं.

गाडी अडली ती माझ्या गोळ्यांवर. हृदयात स्टेंट, त्यामुळे रक्ताच्या गुठळ्या होऊ न देणाऱ्या क्लोपिडोग्रेल आणि अ‍ॅस्पिरिन दोन्ही चालू. नलिकेच्या तोंडाशी छेद द्यायचा म्हणजे रक्तस्रावाची भीती; गोळ्या थांबवाव्यात तर हृदयाची. पोटाच्या डॉक्टरांनी हृदयाच्या डॉक्टरांना माझ्यासमोरच फोन लावला. अ‍ॅस्पिरिन चालू ठेवायची, क्लोपिडोग्रेल पाच ते सात दिवस आधी बंद, असं ठरलं. मी ते कागदावर लिहून घेतलं. घरचे वैद्य फार! काविळीत रक्त गोठायला वेळ लागतो म्हणून ती वेळ मोजणारा आयएनआरही तपासला, तो वाढलेला निघाला, तेव्हा व्हिटॅमिन के टोचलं.

त्या दिवशी सिस्टर म्हणाल्या, "काका, कुशीवर व्हा, मागून औषध ठेवायचंय." घशातून दुर्बीण आणि औषध मागून, हे मला काही कळेना. ती डायक्लोफेनॅकची 100 मिलिग्रॅमची सपोझिटरी, स्वादुपिंडाची सूज टाळायला. ती देण्याआधी मूत्रपिंड ठीक आहे ना, यासाठी क्रिएटिनिन पाहिलं होतं. हाताला रिंगर लॅक्टेट सलाईनची बाटली लावलेली. प्रत्यक्ष दुर्बिणीचं काही आठवत नाही, भूल होती.

संध्याकाळी पोट जरा दुखलं. एरवी मी सांगितलंच नसतं. पण पाठीत जाणारी कळ, ताप, काळी शौच, यातलं काहीही झालं तर लगेच बोलायचं, असं बजावलेलं होतं. लगेच स्वादुपिंडाच्या सुजेसाठी रक्तातलं लायपेज तपासलं, ठीक आलं. तरी त्या रात्री पाण्यावरच ठेवलं.

बारीक तुकडे राहिले असतील या शंकेने नलिकेत प्लास्टिकचा स्टेंट, म्हणजे बारीक नळी, घातला होता. तो तीन महिन्यांच्या आत काढायचा, नाहीतर तुंबून जंतुसंसर्ग होतो. ही तारीख पुष्कळजण विसरतात म्हणे. आमच्या सौभाग्यवतींनी ती कालनिर्णयवर लाल पेनाने लिहून ठेवली. क्लोपिडोग्रेल पुन्हा कधी सुरू करायची तेही घरी निघतानाच विचारून घेतलं. पित्ताशय काढायचं ऑपरेशन त्याच मुक्कामात उरकलं.