दिसला का?

पक्षी दाखवणारा आणि पक्षी न दिसलेला अशा दोन माणसांमध्ये भल्या सकाळी जो संवाद होतो, तो कुणीतरी एकदा शब्दशः उतरवून ठेवायला हवा.

"ते समोरचं झाड दिसतंय?"

"कोणतं? समोर झाडंच आहेत सगळी."

"अहो, ते वाळकं. त्याच्या मागचं हिरवं."

"बरं."

"त्याची डावीकडे गेलेली फांदी धरा. पुढे तिला बेचकं आहे. बेचक्याच्या वर दोन पानं हलतायत, त्यांच्या जरा खाली."

"सगळीच पानं हलतायत हो."

"गेला!"

आणि या 'गेला'वर सगळ्यांत मोठ्यानं हळहळतो तो, ज्याला मुळात तो दिसलाच नव्हता.

हे मी खात्रीनं सांगू शकते, कारण निसर्गमंडळाबरोबर रविवारी सकाळी हिंडायला लागल्यावर पहिले तीन-चार महिने मी सरळ खोटं बोलत होते. दहा-बारा माणसं रस्त्यात खोळंबलेली, सर हात लांब करून, आवाज खाली ठेवून तिसऱ्यांदा तीच फांदी समजावताहेत, मागच्या लेन्सवाल्यांचे आठ फोटो काढून झालेत, आणि आपण दुर्बिणीतून नुसती पानं बघतोय. अशा वेळी तोंडातून आपोआप निघतं, "हो हो, दिसला!" पुढे "काय सुंदर आहे!" हेही जोडायचं, म्हणजे संशयाला जागा राहत नाही. सर समाधानानं पुढे निघतात आणि आपण दुर्बीण पुसत मागून.

थोडा दोष दुर्बिणीचाही होता. म्हणजे, माझाच. दुर्बिणीवर ८×४२ असं लिहिलेलं असतं. आठ म्हणजे वस्तू आठपट जवळ येते आणि बेचाळीस म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये, एवढं मी पाठ केलं होतं. दहापटीची घेतली तर हाताचा कंपही दहापट दिसतो, हेही इतरांना ऐकवत होते. पण उजव्या डोळ्यापाशी एक छोटं चाक असतं आणि आपल्या दोन डोळ्यांतला नंबराचा फरक त्यानं एकदा जुळवून घ्यायचा असतो, हे मला चौथ्या फेरीला कळलं. तेही मंडळातल्या एका काकूंनी माझी दुर्बीण सहज डोळ्याला लावून "अगं, यातून तुला दिसतं तरी काय?" असं विचारलं म्हणून. काय उत्तर देणार?

दुसरी अक्कलही त्यांनीच शिकवली. पक्षी दुर्बिणीत शोधायचा नाही. तो आधी नुसत्या डोळ्यांनी पकडायचा, नजर तिथंच खिळवून ठेवायची आणि दुर्बीण वर आणायची. आपण करतो उलटं. मान खाली घालून दुर्बीण शोधतो, मग तिच्यातून आभाळ, मग परत पानं. काकूंना अर्ध्या पक्ष्यांची नावं येत नाहीत, पण हालचाल सगळ्यांत आधी त्यांना दिसते. "तिकडे काहीतरी आहे," एवढंच म्हणतात, आणि तिकडे काहीतरी असतंच.

माझ्या खोटेपणाची खरी कसोटी घेतली ती तांबटानं. हा पक्षी ऐकू न येणारा माणूस विरळा. टुक, टुक, टुक, टुक. भांड्यावर हातोडी चालवावी तसा एका लयीत चाललेला, दुपारच्या उन्हातही न दमणारा आवाज. पण अंगानं चिमणीपेक्षा जरासाच मोठा, गुबगुबीत, पाठीकडून पानासारखाच हिरवा. त्यात ओरडताना चोच बंद. गळा तेवढा फुगतो आणि दर टुकीला मान इकडून तिकडे फिरते. त्यामुळे आवाज एकदा डावीकडून येतोय असं वाटतं, एकदा उजवीकडून. मी आठवडेच्या आठवडे झाडांभोवती प्रदक्षिणा घालत होते. दरवेळी सर दाखवायचे, दरवेळी मी "दिसला" म्हणायचे. तांबटाच्या बाबतीत माझं खोटं इतकं सराईत झालं होतं की "आज जरा लांब होता," अशी तक्रारही मी एकदा केली.

या नावांची मला एक गंमत वाटते. तांबट, शिंपी, सुतार, धोबी, खाटीक, कोतवाल. अख्खी बलुतेदारी झाडावर नेऊन बसवली आहे आपल्या लोकांनी. आणि यातलं एकही नाव उगाच नाही. शिंपी पानाच्या कडांना भोकं पाडून कोळ्याच्या जाळ्याच्या नाहीतर कापसाच्या धाग्यानं खरोखर शिवण घालतो. खाटीक पकडलेला टोळ काट्याला टोचून ठेवतो. धोबी पाणवठ्याकाठी शेपटी सारखी खाली-वर आपटत चालतो. ज्यानं ही नावं ठेवली त्याच्याकडे आठपटीची दुर्बीण नव्हती, पण त्याला पक्षी दिसला होता, यात शंका नाही. नाव हाच त्याचा पुरावा. गप्पीदास हे नाव ठेवणाऱ्या माणसाला तर मला भेटायचं आहे.

पुराव्याचा प्रश्न या छंदात जुनाच. एके काळी तो सोपा होता, कारण पक्षी बंदुकीनं मारून हातात घेतलेला असायचा. सलीम अलींची सगळी गोष्टच लहानपणी छर्‍याच्या बंदुकीनं पाडलेल्या एका चिमणीपासून सुरू होते. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ही कुठली चिमणी, हे विचारायला तो मुलगा ती घेऊन मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेला आणि एका अर्थानं तिथून परत आलाच नाही. तिकडे अमेरिकेत नाताळच्या दिवशी टोळ्या करून जास्तीत जास्त पाखरं मारायची शर्यत असे. फ्रँक चॅपमन या पक्षितज्ज्ञानं १९०० साली सुचवलं, की मारू नका, मोजा. त्या २५ डिसेंबरला २७ माणसांनी २५ ठिकाणी पक्षी मोजले. ती गणना आजही दरवर्षी होते. पण मला त्या पहिल्या सकाळी घरी परतलेली ती माणसं डोळ्यांपुढे येतात. पिशवी रिकामी, हातात फक्त कागद. आदल्या वर्षीपर्यंत पाखरांचा ढीग दाखवायचा होता, आता तोंडचा शब्द. "दिसला होता, देवाशप्पथ!"

माझ्या शब्दाची पत मला कळली ती यादीमुळे. आमच्यातला एक मुलगा फिरताना फोनवर नोंदी करतो आणि शेवटी ती यादी ई-बर्डवर, म्हणजे पक्ष्यांच्या नोंदी ठेवायच्या संकेतस्थळावर, सगळ्यांना पाठवतो. पाठवलेली यादी प्रत्येकाच्या खात्यात येते आणि आपल्याला न दिसलेले पक्षी आपण आपल्या प्रतीतून काढायचे असतात. पहिल्यांदा ती आली तेव्हा घरी एकटीच बसले होते. समोर एकेचाळीस नावं. इथं कुणी खोळंबलं नव्हतं, कुणी हात लांब करून उभं नव्हतं. सुभग? नाही. काढला. हळद्या? पिवळं काहीतरी गेलं होतं खरं, पण ते पानही असेल. काढला. राखी धनेश बाकी सर्वांनी पाहिला तेव्हा मी बुटातला खडा काढत होते. एकेक करत सव्वीसवर आले. तांबटापाशी अडले आणि सरांना फोन केला.

"सर, मला तांबट दिसला नव्हता."

"आज?"

"कधीच."

पलीकडे थोडी शांतता. मग म्हणाले, "ऐकला ना? ऐकलेला धरतात. राहू दे." आणि जरा थांबून, "मला ठाऊक होतं. तू दुर्बीण वर नेण्याआधीच दिसला म्हणायचीस."

सर स्वतः मात्र "माहीत नाही" हे इतक्या सहज म्हणतात की नवीन माणूस गोंधळतो. पानांतून सुळकन जाणारे मळकट हिरवे वटवटे असतात, ते नीट न दिसता नुसतेच गेले तर "कुठलातरी पर्णवटवट्या" एवढंच लिहायला लावतात. आग्रह केला तरी पुढचं नाव नाही. पण तेही एका ठिकाणी खोटं बोलतात, हे मला वर्षभरानं कळलं. एकदा एका झुडपापाशी ते क्षणभर रेंगाळले, "काही नाही, चला," म्हणाले आणि सगळ्यांना पलीकडच्या माळाकडे घेऊन गेले. महिन्याभरानं बोलता बोलता सांगितलं, की त्या झुडपात बुलबुलाचं घरटं होतं, पिल्लं होती. बारा माणसं आणि चार कॅमेरे तिथं दहा मिनिटं थांबले असते, तर आई-बाप जवळ आले नसते, आणि आपण काय न्याहाळतोय हे वर बसलेल्या कावळ्यानं नक्की पाहिलं असतं. मला न दिसता "दिसला" म्हणायची सवय होती, आणि हा गृहस्थ दिसूनही "काही नाही" म्हणतो.

तांबट शेवटी दिसला तो पानांत नाहीच. हिवाळ्यातल्या एका सकाळी एका निष्पर्ण झाडाच्या अगदी शेंड्यावर उघड्यावर ऊन खात बसला होता. ओरडत नव्हता. कपाळावर कुंकवासारखा लाल ठिपका, डोळ्याभोवती आणि गळ्याला पिवळा रंग, छातीवर लाल पट्टा, चोचीच्या मुळाशी मिशांसारखे राठ केस. रंगपेटी नव्यानं मिळालेल्या मुलानं कुठंच हात आखडता घेतला नसावा, असा. इतका समोर, की सांगायला फांदी लागत नव्हती की बेचकं. मी काहीच बोलले नाही. काकूंनीच विचारलं, "दिसला का?" मी मान हलवली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि पुढचं काही विचारलं नाही.

मागच्या रविवारी एक नवीन मुलगी आली होती. नवी दुर्बीण, नवी वही. वडाच्या आतल्या फांदीवर नाचण शेपटीचा पंखा उघडत-मिटत होता. सर पुढे गेले होते, म्हणून तिला दाखवायचं काम माझ्याकडे आलं. खोडापासून सुरुवात केली, ढोलीपर्यंत नेलं, तिथून उजवीकडे वळवलं.

"हो हो, दिसला!" ती म्हणाली. "काय सुंदर आहे!"

मागची माणसं पुढे सरकायला लागली होती. मी तिच्या दुर्बिणीवर हळूच बोट ठेवून ती खाली घ्यायला लावली.

"घाई नाही गं. आधी नुसत्या डोळ्यांनी बघ. ती ढोली दिसतेय का?"

"कोणती ढोली?" तिनं विचारलं.