एक्झॉस्ट पंख्याचे बेल्ट आणि पुल्या : माझा अनुभव

वेल्डिंगच्या शेडमधील धूर बाहेर खेचणारा जो सेंट्रिफ्यूगल (मधून हवा घेऊन परिघाकडे फेकणारा) एक्झॉस्ट पंखा माझ्या देखरेखीखाली आहे, तो थेट मोटरवर बसवलेला नसून दोन व्ही-बेल्टांवर, म्हणजे खाली निमुळत्या होत जाणाऱ्या रबरी पट्ट्यांवर चालतो. सुरू होताना त्याचे बेल्ट किंचाळू लागले होते आणि धूर पूर्वीपेक्षा जास्त वेळ रेंगाळत होता. मोटर १४४० आरपीएमची (मिनिटाला तितके फेरे घेणारी), तिची पुली १४० मिलिमीटरची आणि पंख्याची २८०ची. या हिशेबाने पंख्याला ७२० आरपीएमच्या जवळपास वेग मिळायला हवा होता. फेरे मोजणाऱ्या टॅकोमीटरने तो ६६०च्या आसपास दाखवला. म्हणजे आठ टक्क्यांहून अधिक वेग बेल्ट घसरण्यातच जात होता, आणि हवेचे प्रमाण वेगाच्या प्रमाणात बदलत असल्यामुळे तेवढीच हवा कमी खेचली जात होती. बोल्ट सैल करून मोटर थोडी मागे ओढा, म्हणजे आवाज थांबेल, असा सल्ला मला मिळाला. आवाज थांबला असताही. पण बेल्ट का घसरतो हे न पाहता ताण वाढवणे मला पटत नव्हते.

कामाला हात घालण्यापूर्वी आयसोलेटर (वीज पूर्ण तोडणारा स्विच) बंद करून त्याला कुलूप लावले आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवली. वीज बंद असली तरी डक्टमधून येणाऱ्या हवेच्या ओढीने पंखा सावकाश फिरत राहतो, आणि अशा संथ फिरणाऱ्या पुलीत व बेल्टमध्ये बोट सापडले तर ते वाचत नाही. म्हणून पंख्याचे चाक दोरीने बांधूनच पुढची कामे केली.

जाळीचे आवरण काढताच खाली रबराची काळी भुकटी साचलेली दिसली. भुकटी म्हणजे बेल्ट कुठेतरी घासला जात असल्याची खूण. दोन्ही बेल्टांच्या बाजू काचेसारख्या चकचकीत झाल्या होत्या आणि त्यांतला एक बेल्ट खाचेत दुसऱ्यापेक्षा स्पष्टपणे खाली बसला होता. खरे कारण सापडले ते मोटरच्या पुलीत : तिच्या एका खाचेचा तळ घासून लखलखीत झाला होता. व्ही-बेल्ट खाचेच्या दोन तिरक्या भिंतींमध्ये पाचरीसारखा अडकतो, आणि त्या पकडीवरच सगळी शक्ती पुढे जाते. त्याचा तळ खाचेच्या तळाला कधीच टेकता कामा नये. बेल्टच्या बाजूंमधला कोन ४० अंशांचा असतो, पण पुलीवर वाकताना त्याचा आतला भाग फुगून तो कोन कमी होतो, म्हणून खाचा ३४ ते ३८ अंशांच्या कापतात आणि पुली जितकी लहान तितका तो कोन कमी ठेवतात. भिंती झिजून खोलगट झाल्या की बेल्ट खाली उतरतो, तळाला टेकतो आणि पाचर सुटते. अशा पुलीवर कितीही ताण दिला तरी बेल्ट घसरायचा तो घसरतोच, आणि वाढवलेल्या ताणाचा सगळा भार बेअरिंगांवर पडतो. पुली गेज (खाचेच्या मूळ आकाराची मापपट्टी) खाचेत बसवून मागून बॅटरीचा उजेड टाकला, तेव्हा भिंत आणि गेज यांच्यातील फट ०.८ मिलिमीटरच्या नेहमीच्या मर्यादेपेक्षा जास्त निघाली. पंख्याची मोठी पुली मात्र मर्यादेत होती. लहान पुली जास्त फेरे घेते आणि बेल्ट तिच्यावर जास्त वाकतो, त्यामुळे आधी तीच झिजणे स्वाभाविक आहे.

जुने बेल्ट काढण्यासाठी मोटर तिच्या रुळांवर पुढे सरकवली. स्क्रूड्रायव्हरने रेटून बेल्ट पुलीच्या कडेवरून उतरवण्याची पद्धत सर्रास दिसते. तिने बेल्टच्या रबरातील ताण पेलणारे दोर तुटतात, ते बाहेरून कळत नाही आणि बेल्ट थोड्याच काळात उलटतो किंवा तुटतो. टेपर बुशची (शाफ्टवर निमुळत्या कडीने आवळलेली) पुली काढायला काहीच त्रास झाला नाही : बुशचे स्क्रू काढून त्यातील एक काढण्यासाठी ठेवलेल्या भोकात आवळला की बुश सुटते. बेल्ट दोन्ही एकदम बदलले, आणि तेही एकाच कंपनीचे, एकाच मापाचे. एक नवा आणि एक ताणलेला असे लावले, तर सगळा भार आखूड असलेला नवा बेल्ट उचलतो.

सर्वांत जास्त वेळ गेला तो पुल्या सुतात, म्हणजे एका रेषेत आणण्यात. दोन्ही पुल्यांच्या कडांची जाडी सारखी असल्याची आधी खात्री केली, कारण ती वेगळी असेल तर कडांवर धरलेला दोरा फसवतो. मग मोठ्या पुलीच्या बाहेरच्या तोंडावरून दोरा ताणून धरला : तो प्रत्येक पुलीवर दोन, अशा चारही ठिकाणी एकाच वेळी टेकायला हवा. मोटर किंचित तिरकी बसली होती. व्ही-बेल्टसाठी तिरकेपणाची अर्धा अंश ही मर्यादा धरतात, आणि ६०० मिलिमीटर अंतरावर तो अर्धा अंश म्हणजे सुमारे ५ मिलिमीटर. आधी मोटरचा तिरकेपणा काढला, मग पुली शाफ्टवर पुढेमागे करून दोन्ही एका रेषेत आणल्या.

ताण अंगठ्याने दाबून ठरवणारे अनुभवी फिटर मी पाहिले आहेत आणि त्यांच्या हाताबद्दल मला आदर आहे. तरीही मी मोजूनच ताण दिला. दोन पुल्यांमधील मोकळ्या बेल्टच्या मध्यावर स्प्रिंगचा काटा लावून ओढायचे, आणि दर १०० मिलिमीटर लांबीमागे १.६ मिलिमीटर बेल्ट वाकवण्यास किती जोर लागतो ते पाहायचे. माझी लांबी ६०० मिलिमीटर, म्हणून सुमारे साडेनऊ मिलिमीटर वाक. जोर किती असावा हे बेल्टचा सेक्शन (छेदाचे माप) आणि लहान पुलीचा व्यास यांवर ठरते आणि ते बेल्टच्या कंपनीच्या तक्त्यात मिळते. ताण देताना मोटर हमखास थोडी तिरकी होते, त्यामुळे बोल्ट आवळून झाल्यावर दोरा पुन्हा धरून पाहावाच लागतो.

बेल्टवर फवारायचा चिकट द्रवही मला सुचवण्यात आला होता. तो मी वापरत नाही. काही काळ आवाज दबतो, पण त्यावर धूळ चिकटते आणि रबर बिघडते. मोटरला थोडी मोठी पुली लावून हवा वाढवावी, ही दुसरी सूचना त्याहून धोक्याची होती. पंख्याला लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे १० टक्के वेग वाढवला तर शक्ती सुमारे ३३ टक्के जास्त लागते, आणि तेवढी सवड प्रत्येक मोटरमध्ये नसते.

आवरण बसवून, दोरी सोडून पंखा चालू केला आणि प्रथम फिरण्याची दिशा पाहिली. सेंट्रिफ्यूगल पंखा उलटा फिरला तरी हवा त्याच बाजूला ढकलतो, फक्त बरीच कमी, म्हणून केवळ हवा येते यावर विसंबता येत नाही. वेग ७१५च्या जवळ आला. मोटर घेत असलेले अँपिअर (विद्युतप्रवाह) पूर्वीपेक्षा थोडे वाढले होते, आणि ते अपेक्षितच होते, कारण पंखा आता जास्त हवा हलवत होता. मोटरच्या नामफलकावरील आकड्याच्या ते आतच होते.

नवे बेल्ट खाचेत बसताना सुरुवातीलाच ढिले होतात. म्हणून पूर्ण एक दिवस चालल्यानंतर पंखा पुन्हा कुलूपबंद करून ताण मोजला. तो अपेक्षेप्रमाणे उतरला होता. मोटर थोडी मागे घेऊन तो नेमका केला, दोरा एकदा धरून पाहिला आणि वेग, अँपिअर व ताण यांचे आकडे आवरणाच्या आतील बाजूस चिकटवलेल्या कागदावर तारखेसह लिहून ठेवले.