तुम्ही विचारलंत म्हणून : देव न मानणारे खरंच किती?

मी देव मानत नाही हे ओळखीच्यांना कळलं की बहुतेक जण "का मानत नाही?" असं विचारत नाहीत. विचारतात ते, "तुमच्यासारखे कितीसे असतील हो?" काहींना ऐकायचं असतं की असे लोक बोटांवर मोजण्याइतकेच आहेत. काही मात्र आवाज खाली आणून विचारतात, आणि ते कशासाठी विचारताहेत हे मला कळतं. उत्तर दोघांसाठी एकच आहे, म्हणून ते एकदा नीट लिहून काढते.

आधी सरकारी आकडा. २०११ च्या जनगणनेत निरीश्वरवादी म्हणून नोंद झालेले लोक अख्ख्या भारतात ३३,३०४. त्यातले ९,६५२ महाराष्ट्रातले. सगळ्या राज्यांत जास्त, तरी साधारण साडेअकरा हजार माणसांत एक. दुसरा आकडा २०१२ मधल्या विन-गॅलप या आंतरराष्ट्रीय जनमत पाहणीतला. तिच्यात भारतातल्या ३ टक्के लोकांनी आपण ठाम नास्तिक असल्याचं सांगितलं, आणखी १३ टक्क्यांनी आपण धार्मिक नाही म्हटलं. लोकसंख्येला लावून पाहिलं तर ३ टक्के म्हणजे साडेतीन कोटींहून जास्त माणसं. कुठे तेहतीस हजार आणि कुठे साडेतीन कोटी! एवढ्यात देशाचं मन हजार पटीनं बदललं नाही. विचारलं कसं आणि कुणाला, यात सगळा फरक आहे.

जनगणनेचं मी जवळून पाहिलंय. २०११ च्या फेब्रुवारीत आम्हा शिक्षकांना प्रगणक म्हणून घरोघर पाठवलं होतं. कुटुंब अनुसूचीत धर्माचा प्रश्न सातवा. हिंदू, मुस्लिम, ख्रिश्चन, शीख, बौद्ध आणि जैन या सहांना संकेतांक ठरलेले, बाकी काही असेल तर अक्षरांत लिहायचं. ओसरीवर कर्ता माणूस बसायचा आणि सगळ्या घराची माहिती एका दमात द्यायचा. आत अभ्यास करणारी नात असायची, स्वयंपाकघरात सून असायची, त्यांना वेगळं विचारायची पद्धतच नव्हती. आजोबांनी "हिंदू" म्हटलं की घरातल्या सगळ्यांपुढे हिंदूंचा संकेतांक, १. पुढचा, आठवा प्रश्न अनुसूचित जातीजमातींचा, आणि अनुसूचित जातीची नोंद फक्त हिंदू, शीख आणि बौद्ध यांच्यापुरती. म्हणजे धर्माच्या उत्तराला जातीचा दाखला आणि सवलतीही बांधलेल्या. अशा वेळी माणूस आपलं घराणं सांगतो. देव आहे असं तुम्हाला वाटतं का, हा प्रश्न त्या कागदावर कुठेच नव्हता. ज्यांनी आग्रहानं 'निरीश्वरवादी' लिहायला लावलं, त्यांची मोजणीही शेवटी 'इतर धर्म आणि पंथ' या सदरात, सरना, गोंड अशा आदिवासी धर्मांच्या यादीतच झाली. शिवाय २८ लाखांहून अधिक लोकांच्या पुढे धर्म 'सांगितलेला नाही' अशी नोंद आहे. त्यांत नास्तिक किती, हे कुणालाच सांगता येणार नाही.

आपला कुठलाच धर्म नाही असं सांगायचा हक्क आपल्याला आहे. सप्टेंबर २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की कुठल्याही अर्जात धर्म लिहायची सक्ती सरकार करू शकत नाही. त्याच्या आदल्याच वर्षी नाशिकच्या एका शिक्षकांना याच न्यायालयात न्याय मिळाला होता. शाळेच्या प्रार्थनेला त्यांनी हात जोडले नाहीत म्हणून त्यांची वरची वेतनश्रेणी अडवून ठेवली होती. हक्क आहे, पण तो मिळवायला कोर्टाची पायरी चढावी लागते. आणि २०१३ च्या २० ऑगस्टला पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला. त्यांची अंधश्रद्धा निर्मूलन समिती देवाधर्माच्या विरोधात नव्हती, कितीतरी श्रद्धाळू माणसं तिच्यात काम करत होती. तरीही त्या सकाळनंतर अनेक घरांत "तू कशाला बोलतोस?" हे वाक्य जास्त ऐकू येऊ लागलं. मी तरी ते ऐकलंय.

मग न बोलणाऱ्यांना मोजायचं कसं? अमेरिकेत विल जर्वे आणि मॅक्सिन नेजल या दोन मानसशास्त्रज्ञांनी एक युक्ती वापरली. लोकांचे दोन गट केले. एका गटाला साध्यासुध्या विधानांची यादी दिली आणि त्यांपैकी किती तुम्हाला लागू आहेत, एवढा आकडाच सांगा म्हटलं. दुसऱ्या गटाला तीच यादी, फक्त देवाबद्दलचं एक विधान जास्त घालून. कुणालाच थेट काही कबूल करावं लागत नाही, दोन्ही गटांच्या सरासरीतल्या फरकावरून अंदाज निघतो. सरळ विचारल्यावर तिथे ३ ते ११ टक्के लोक देव मानत नाही म्हणत. या पद्धतीनं, २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा अंदाज २६ टक्क्यांच्या आसपास गेला. या अंदाजाला मागेपुढे बरीच जागा आहे हे खरं, पण गप्प बसणारे पुष्कळ असतात एवढं त्यावरून नक्की कळतं.

आता याची दुसरी बाजू. ती माझ्या नास्तिक मित्रांना आवडत नाही. त्यांना वाटतं, आतून सगळेच आपल्यासारखे, फक्त धीर नाही. मला हे मुळीच पटत नाही. आषाढीला आळंदी-देहूहून तीन आठवडे चालत पंढरपूर गाठणारी माणसं कुणाच्या भीतीनं चालत नाहीत. प्यू या अमेरिकी संशोधन संस्थेनं २०१९-२० मध्ये भारतातल्या सुमारे ३० हजार प्रौढांना घरी जाऊन विचारलं, तेव्हा ९७ टक्क्यांनी देव मानतो असं सांगितलं. त्यातले थोडे संकोचानं बोलले असतील असं धरलं, तरी आपण श्रद्धाळू माणसांच्या देशात राहतो हे सरळ मान्य करायला हवं.

त्याच पाहणीत बौद्धांपैकी एक तृतीयांश लोकांनी देव मानत नाही असं सांगितलं. देशातले तीन चतुर्थांशांहून जास्त बौद्ध महाराष्ट्रात आहेत. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांनी ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यातल्या पहिल्याच काही प्रतिज्ञा देवांना न मानण्याच्या आणि न पूजण्याच्या आहेत. न मानणं तिथे मोठ्या सोहळ्यात, सगळ्यांच्या देखत उच्चारलं गेलं, आणि पुढे मुलांना आईवडिलांकडूनच मिळालं. समाज पाठीशी असला की माणूस दारात आलेल्या अनोळखी माणसालाही ते सांगू शकतो. सगळ्या आकड्यांत मला हा सर्वांत बोलका वाटतो.

बाकीच्यांचं काय? आपल्याकडे करणं आणि मानणं या दोन गोष्टी एकमेकींना बांधलेल्या नाहीत. महात्मा फुल्यांनी भटजीशिवाय लग्नं लावली, पण निर्मिकावर, म्हणजे जग निर्माण करणाऱ्यावर, त्यांचा विश्वास होता. गाडगेबाबा नवसांवर आणि बोकड कापण्यावर तुटून पडत, आणि कीर्तनात गोपाला गोपाला देवकीनंदन गोपाला म्हणत. उलट, ज्याला काहीच पटत नाही असा माणूस सत्यनारायणाला सोवळं नेसून बसतो, मुलाच्या लग्नपत्रिकेवर 'श्री गजानन प्रसन्न' छापतो. माझा एक नातेवाईक आत्मा, परलोक काही मानत नाही. वडिलांच्या दहाव्याला घाटावर पिंड ठेवले आणि कावळा शिवेना. लोक म्हणू लागले, काहीतरी इच्छा राहिली असेल. हा पुढे झाला आणि हात जोडून मोठ्यानं म्हणाला, "आईला एकटी ठेवणार नाही." आई मागेच उभी होती, ते तिच्यासाठी होतं. अशा माणसाला ढोंगी म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. पण त्याची नोंद कुठल्या रकान्यात करायची, हे कुठल्याही पाहणीला सुचलेलं नाही.

म्हणून माझं उत्तर असं : श्रद्धाळू माणसं खरोखरच फार मोठ्या संख्येनं आहेत. ठामपणे न मानणारे जनगणनेत दिसतात त्याच्या कितीतरी पट आहेत, पण शंभरात फार नाहीत. आणि या दोघांच्या मधे एक मोठा जमाव आहे. सण आला की तो देवापुढे दिवा लावतो, एरवी देव आहे की नाही हा प्रश्न त्याला पडत नाही. त्याला उगाच कुणी आपल्या बाजूला ओढू नये.

नवी जनगणना १ मार्च २०२७ या संदर्भ तारखेची आहे, आणि या जनगणनेत आपली माहिती आपणच ऑनलाइन भरायची सोय आहे. आमच्या घरी ठरलंय की धर्माच्या प्रश्नाला ज्यानं त्यानं आपलं उत्तर द्यायचं. सासूबाई हिंदू सांगतील, आणि मनापासून सांगतील. मी 'धर्म नाही' लिहीन. नवऱ्याचं अजून ठरलेलं नाही, आणि सासूबाईंनी त्याला बजावलंय, "माझ्याकडे बघून लिहू नकोस."