टाका नको, सोल्यूशन आणा

मढ आयलंडच्या एका बंगल्यात जाहिरातीचं शूट होतं आणि पांढरा लॅटेक्सचा, म्हणजे पातळ रबराचा, स्विमसूट माझ्या ताब्यात होता. कॉस्च्युम सांभाळणं हेच माझं काम. लॅटेक्सचा पीस मी सहसा कुणाच्या हाती देत नाही.

मॅडम व्हॅनिटीत आल्याबरोबर त्यांना अंगठ्या आणि तांब्याचं कडं उतरवून हात धुवायला सांगितलं. तांबं-पितळ हाताळलेली बोटं फिक्या लॅटेक्सला लागली की तपकिरी डाग पडतात, ते पुढे निघत नाहीत. आतून टाल्कम भुरभुरवली आणि तळहाताने सूट हळूहळू वर सरकवला. चिमटीत धरून ओढला की नख लागलंच.

एवढ्यात मेकअपदादा चमक आणायला बेबी ऑइल घेऊन आले. त्यांना तिथेच अडवलं. तेल रबरात मुरतं, रबर फुगतं आणि त्याचा जीव जातो. चमक सिलिकॉनच्या पॉलिशने आणली.

दुपारी खुर्चीच्या पत्र्यात अडकून सूट कमरेपाशी बोटभर फाटला. टेलरमास्तर सुईत दोरा ओवूनच धावत आले.

“मास्तर, टाका नको!” मी जवळजवळ ओरडलेच. सुईचं प्रत्येक भोक म्हणजे नवी फाट. लॅटेक्सचे जोड शिवत नाहीत, चिकटवतात. स्पॉटदादाला सायकलच्या दुकानातून पंक्चरचं सोल्यूशन आणायला पिटाळलं. पीससोबत त्याच लॅटेक्सचा तुकडा आला होता, त्याची गोल पट्टी कापली. पॉलिश आणि पावडर पूर्ण पुसून काढली, नाहीतर काहीच धरत नाही. सोल्यूशन लागताच पट्टीच्या कडा वर वळून तिची सुरळी झाली.

“गेलं हे,” दिग्दर्शक म्हणाले.

“थांबा सर, सुकू द्या.”

सोल्यूशनमधला द्रव उडाला तशी पट्टी आपसूक सपाट झाली. ओल्यावर डकवली असती तर आत बुडबुडे राहिले असते. मग आतल्या बाजूने ठेवून मधून कडेकडे दाबत नेली. मास्तरांनी अंगठ्याने ताणून पाहिली आणि सुई परत डबीत टाकली.

पॅकअपला प्रॉडक्शनचा मुलगा सूट उन्हात टाकायला निघाला होता. ऊन तर लॅटेक्सचा वैरीच. पूलचं क्लोरीन साध्या पाण्याने धुऊन काढलं, सावलीत दोन्ही बाजू सुकवल्या, पावडर लावून काळ्या पिशवीत घातला. लॅटेक्सचा दुसरा, लाल पीस होता, त्याची पिशवी वेगळी ठेवली. एकत्र राहिले तर लाल रंग पांढऱ्यात उतरतो.